कोंडाजीची सायकल पुण्याला गेली

“यंदाही मोघेच,” माधवराव म्हणाले आणि त्यांनी कोटाच्या खिशातलं स्टॉपवॉच काढून उगाच एकदा दाबून पाहिलं. “कोंडाजी, तुमचे परळवाले घाटात काय उड्या मारायच्या त्या मारू देत. पुढे पुण्यापर्यंत चाळीस मैल सपाट रस्ता आहे. तिथे कसबा संघाची तीन माणसं आळीपाळीनं पुढे होऊन वारा कापतात. तुमचा कुडाळकर एकटा किती कापणार?”

“एकटा कशापायी?” कोंडाजी म्हणाला. “बँकर हाय की संगं.”

“तुमचा बँकर घाट संपला की सुटतो. दर वर्षी सुटतो.”

कोंडाजीनं फडक्यातली भाकरी सोडली, अर्धी माधवरावांपुढे केली आणि स्वतः कठड्यावर पाय खाली सोडून खाऊ लागला. सन चौसष्टमधला फेब्रुवारीचा रविवार होता. खंडाळ्याच्या खालच्या शेवटच्या अवघड वळणावर शे-सव्वाशे माणसं जमली होती. खालून मुंबई-पुणे सायकल शर्यत यायची होती. मुंबईहून पहाटे निघालेले गडी दहाच्या आत इथं पोचत. वळणावर ते एवढे हळू होत की त्यांचा श्वासही ऐकू येई, म्हणून जाणकार मंडळी पुण्याच्या मैदानात न जाता इथंच येऊन बसत.

त्या जाणकारांत कोंडाजी आणि माधवराव गोळे ही जोडी सगळ्यांना ठाऊक होती. माधवराव लोणावळ्याच्या शाळेत गणित शिकवत. माहेर-सासर म्हणावं तसं त्यांचं सगळं पुण्यात, त्यामुळे पुण्याच्या कसबा संघाचे, म्हणजेच मोघेच्या संघाचे, ते कट्टर. शर्यतीची नियमावली त्यांना पाढ्यांसारखी पाठ होती. कोंडाजी कुणे गावाजवळच्या एका वाडीवरचा, आता रेल्वेच्या चाळीत राहणारा. तो परळच्या गिरणी कामगारांच्या नवजवान संघाचा. खरं तर संघाचाही नव्हे. तो त्या संघातल्या एकाच माणसाचा होता.

कोंडाजीचं काम लोणावळ्याच्या यार्डात. कर्जतहून घाट चढणाऱ्या प्रत्येक गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. गाडी वर आली की ती इंजिनं सोडवायची. सोळा वर्षं कोंडाजी डब्याच्या आणि इंजिनाच्या मधे शिरून तेच करत होता. गाडीतली माणसं चिक्की घेत, चहा पीत, पुढच्या इंजिनाकडे पोरांना बोट दाखवत. मागचं इंजिन सुटून बाजूच्या रुळावर जाऊन उभं राहिलेलं कुणाला कळतही नसे. कोंडाजीला त्याचं वाईट वाटे असं नाही, पण गाडी हलली की तो मात्र एकदा त्या इंजिनाकडे बघे.

सहा वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा या वळणावर आला तो सहज, सुट्टी होती म्हणून. लाल बनियनमधला एक रोड गडी मान खाली घालून, तोंड उघडं टाकून वर येत होता, आणि त्याच्या मागच्या चाकाला जवळजवळ चिकटून त्याच संघाचा दुसरा गडी. वळण संपलं तसा पुढचा बाजूला झाला. मागचा बाण सुटावा तसा निघून गेला आणि लोकांनी त्याच्या नावानं आरोळी ठोकली. बाजूला झालेला मात्र नागमोडी हेलकावे खात, जेमतेम न पडता, एकटाच पुढे गेला. “आयला, ह्यो तर बँकर!” कोंडाजी बोलून गेला. शेजारचे रेल्वेवाले हसले आणि ते नाव यार्डभर झालं. पुढच्या वर्षी छापील कागदावरून खरं नाव कळलं. हौशीराम थोरवे, नंबर सतरा. त्या वर्षापासून कोंडाजी शर्यतीच्या रविवारची सुट्टी दोन महिने आधी मागून ठेवू लागला.

“आली, आली!” खालच्या बाजूला ओरडा झाला.

आधी पंचांची मोटारसायकल आली. मागे बसलेला माणूस शिट्टी फुंकत लोकांना मागं हटवत होता. “एकच आहे!” तो ओरडला. “एकच! लाल!”

“कुडाळकर,” माधवरावांनी तोंड वाकडं केलं. “घाई केली. आता पुढे मरणार.”

पण वळणावरून जो वर आला तो कुडाळकर नव्हता. छातीवर सतरा नंबर होता. हौशीराम थोरवे एकटाच येत होता. पुढे कुणी नव्हतं, मागेही नव्हतं. पॅडलवर उभा राहून तो एक एक पाय असा दाबत होता जणू चिखलातून काढतोय. सव्वाशे माणसं क्षणभर गप्प झाली. सहा वर्षांत या माणसाला कुणी पुढं पाहिलंच नव्हतं.

“हौशीराम!” कोंडाजी कठड्यावरून उडी टाकून ओरडला. हातातली भाकरी कुठं गेली त्यालाही कळलं नाही. “आरं हौशीराम! पयला हाईस तू! पयला!”

हौशीरामनं मान वर केली नाही. तो गेला. मग लोकांना कंठ फुटला आणि दरी दणाणली. कोंडाजी नाचत होता. ओळख ना पाळख अशा एका टांगेवाल्याला त्यानं मिठी मारली.

माधवराव घड्याळाकडे बघत होते. एक मिनिट गेलं. दीड गेलं. एक मिनिट पन्नास सेकंदांनी खालून पाच जण एका ओळीत आले. पुढे हिरव्या बनियनमधले कसब्याचे दोघं, घामानं निथळलेले, मग मोघे, मग कुणी एक निळावाला, आणि सगळ्यात शेवटी, खुर्चीवर बसल्यासारखा निवांत, लाल बनियनमधला कुडाळकर.

माधवराव आ वासून बघत राहिले. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

“अरे देवा! कळलं का कोंडाजी? त्यांनी बँकर पुढे सोडला. मोघ्याला वाटलं, जाऊ दे, सुटेल आपोआप. तो सुटेना, तेव्हा पाठलाग करावा लागला. घाटभर आमच्या पोरांनी ओढलं, आणि तुमचा कुडाळकर त्यांच्यामागे बसून फुकट वर आला! आता तो थोरवे पुढे दम खात रेंगाळेल, हे त्याला गाठतील, की सपाटीवर तुमचे दोघं आणि आमचे दमलेले… छे, छे. काय डोकं लावलंय!” त्यांच्या आवाजात दुःखापेक्षा कौतुकच जास्त होतं.

तेवढ्यात खालून हॉर्नचा गदारोळ ऐकू आला. दोन वळणं खाली कांद्याचा एक ट्रक रस्त्यात आडवा होऊन बसला होता आणि त्याच्यामागे मोटारींची रांग लागली होती. संघांच्या गाड्या, चाकं, औषधं, सगळं त्या रांगेत अडकलं. बाकीचे गडी सायकली उचलून कडेनं निघून येत होते.

“चला,” कोंडाजी म्हणाला. “लोणावळ्यात चौकात कायतरी कळंल.”

त्यानं आपली काळी सायकल कठड्यापासून उचलली. माधवराव कोट सावरत कॅरियरवर बसले. ती सायकल कोंडाजीनं नऊ वर्षांपूर्वी घेतली होती. कॅरियर, साखळीवर झाकण, पुढं-मागं मडगार्ड, दिवा, डबल स्टँड. दर रविवारी तो ती पुसायचा. आज पुसली नव्हती एवढंच.

लोणावळ्याच्या वेशीपाशी येईपर्यंत पाऊण-एक डझन गडी त्यांना ओलांडून गेले. आणि तिथं, पेरूवाल्या शालूबाईच्या टोपलीशेजारी, रस्त्याच्या कडेला एक लाल बनियन उभा दिसला. पाठीवर सतरा नंबर. हातात पापडासारखं वाकलेलं एक चाक, आणि पायाशी पुढचं चाक नसलेली सायकल.

कोंडाजीनं एवढा जोरात ब्रेक दाबला की माधवराव कॅरियरवरून घसरून उभे राहिले.

सहा वर्षांत या माणसाशी आपण एक शब्दही बोललो नाही हे कोंडाजीला तेव्हा जाणवलं. जवळून तो वाटायचा त्याहून वयानं मोठा होता, पस्तिशीचा तरी. गाल बसलेले. ओठ मिठानं पांढरे पडलेले.

“काय झालं, भाऊ?”

“कुत्रं आडवं आलं,” हौशीराम म्हणाला. “कुडाळकर दगडावर गेला. त्याच्या चाकाचं हे आसं झालं. माजं दिलं त्याला. आमची गाडी मागनं येतीया, तीत दुसरं चाक हाय.”

“गाडी येत नाही,” माधवराव म्हणाले. “खाली ट्रक आडवा आहे. तासभर तरी सुटका नाही.”

हौशीरामनं हातातलं चाक हळूच खाली ठेवलं.

“मग ढाल गेली,” तो म्हणाला.

ते कसं, हे माधवरावांनी कोंडाजीला दोन वाक्यांत सांगितलं. पहिला कुणी का येईना, संघाची ढाल वेगळी असते. तिच्यासाठी प्रत्येक संघाचे तीन जण पुण्याला पोचावे लागतात, तेही पहिल्या गड्यानंतर तासाभराच्या आत. बाकीचं हौशीरामनं सांगितलं. परळचे पाच निघाले होते. एक पनवेलला पडला, एकानं खोपोलीला सोडलं. उरले तीन. तिसरा हा.

“अकरा वरसं झाली, आमाला ढाल न्हाई,” हौशीराम म्हणाला. तो रडत नव्हता, तक्रारही करत नव्हता. मजूर कामावरचा निरोप सांगतो तसं सांगत होता.

कोंडाजीनं आपल्या सायकलीचं पुढचं चाक त्याच्या सायकलीला लावता येतं का ते पाहिलं. टायर जाड, चिमट्यात शिरेना. मग तो उभा राहिला.

“ही घिऊन जा,” तो म्हणाला.

“काय?”

“ही. आख्खी. चालंल का, माधवराव? कायद्यात बसतं का?”

नियम माधवरावांना पाठ होता, अडचण तीच होती. ते न बोलते तर कसब्याची ढाल पक्की होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“कलम नऊ,” ते म्हणाले. “अपघात झाल्यास स्पर्धकाला सायकल बदलता येते. कुठलीही सायकल. फक्त बदलली त्या जागेचा साक्षीदार पाहिजे.” आणि मग एकदम कोटाच्या बाह्या मागं सारत ओरडले, “बघत काय राहिलात? ते मडगार्ड काढा! दिवा काढा! अहो, पाना आणा कुणीतरी!”

पुढच्या पाच मिनिटांची गोष्ट शालूबाई नंतर कित्येक वर्षं सांगत होती. शाळेचे मास्तर रस्त्यात मांडी घालून नट फिरवत होते. पंक्चरवाला पाने घेऊन धावत आला. कुणी कॅरियर उपसला, कुणी साखळीवरचं झाकण, कुणी स्टँड. हौशीराम उंच, म्हणून सीट चार बोटं वर केली. घंटीचा नट गंजलेला होता, तो निघेना.

“राहू द्या घंटी,” हौशीराम म्हणाला. त्याचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. “रस्त्यात म्हशी असत्यात.”

शालूबाईनं दोन पेरू आणि गुळाचा खडा त्याच्या पाठीवरच्या खिशात कोंबला. तो सीटवर चढला. कोंडाजीनं सीटच्या मागं हात लावून वीस पावलं धावत त्याला ढकललं आणि सोडलं. माधवरावांनी स्टॉपवॉच दाबलं.

पुढच्या वळवण गावाच्या दिशेला सायकल लहान लहान होत गेली. कोंडाजी बघत राहिला. नऊ वर्षं तो तिच्यावर बसला होता, पण ती जाताना पाठमोरी कशी दिसते हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. चांगली दिसत होती. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा फार चांगली.

“आता?” माधवरावांनी विचारलं. “पुण्यात ती कुठे शोधणार?”

“साक्षीदार पायजे म्हनला न्हवं?” कोंडाजी म्हणाला. “पावणेआकराची शटल हाय.”

मडगार्ड, दिवा, कॅरियर आणि संघाची गाडी आली की द्यायची हौशीरामची सायकल शालूबाईच्या स्वाधीन करून दोघं स्टेशनवर धावले. चाळीतल्या एका पोरीच्या तोंडी कोंडाजीनं घरी निरोप धाडला, “पुण्याला गेला म्हनावं, सायकलीच्या मागं.” गाडी सुटता सुटता ते चढले. मळवली, कामशेत, कान्हे. प्रत्येक स्टेशनात कोंडाजी दारात उभं राहून रस्त्याचा तुकडा दिसतो का बघे. वडगावला एक वकील चढले, तळेगावला भाजीवाल्या बायका. माधवरावांनी सगळ्यांना सगळं सांगून टाकलं होतं, त्यामुळे तळेगाव सुटेपर्यंत डब्यात परळच्या संघाला नवे पंधरा-वीस पाठीराखे मिळाले होते.

“पण काळ्या सायकलीवर रेसचा माणूस?” वकील म्हणाले. “एव्हाना बसला असेल कुठे तरी सावलीत.”

“न्हाई बसायचा,” कोंडाजी म्हणाला.

देहूरोड यायच्या अलीकडे रस्ता रुळांच्या अगदी कडेला येतो. एका भाजीवालीनंच पहिल्यांदा पाहिलं. “त्यो बगा! लाल!”

सगळा डबा एका बाजूला आला. रस्त्यावर, लष्करी डेपोच्या तारेच्या कुंपणाशेजारून, हौशीराम चालला होता. कोपर बाहेर, पाठ वाकवलेली, जाड टायर डांबरावर गुरगुरत होते. त्याच्या पुढं रेसिंगच्या हलक्या सायकलीवरचा एक निळा गडी धापा टाकत होता. बघता बघता हौशीरामनं त्याला गाठलं आणि मागं टाकलं. डब्यात अशी आरोळी उठली की कुंपणाआतले जवानही पळत तारेपाशी आले.

“हौशीराम!” कोंडाजीनं दारातल्या दांड्याला धरून निम्मं अंग बाहेर काढलं. “टाइम हाय! दम धर! टाइम हाय!”

हौशीरामनं मान वळवली नाही, हातही हलवला नाही. पण अंगठा हलला असावा, कारण गाडीच्या खडखडाटातून कोंडाजीला आपल्या सायकलीची घंटी स्वच्छ ऐकू आली. दोनदा वाजली. वकील आपली टोपी काढून हलवू लागले.

शिवाजीनगरला उतरून ते मैदानावर पोचले तेव्हा बारा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. पहिला गडी केव्हाच येऊन गेला होता. मंडपात हार-तुरे चालले होते, लोक पांगत होते. एका टेबलाशी पांढऱ्या टोपीतले मुख्य पंच हातात घड्याळ घेऊन बसले होते. पावणेएकला शिट्टी. कोंडाजीचं मंडपाकडे लक्षच नव्हतं. तो मैदानाच्या फाटकाकडे तोंड करून उभा राहिला.

एक गडी आला, पिवळा. आणखी एक आला, हिरवा. मग बराच वेळ कुणीच नाही. पंचांनी शिट्टी खिशातून काढून टेबलावर ठेवली.

आणि फाटकाबाहेर घंटी वाजायला लागली. थांबेचना. एक टांगा, दोन बायका आणि एक हातगाडी बाजूला झाली आणि त्यांच्यामधून काळी सायकल आत शिरली. हौशीरामचं तोंड धुळीनं असं माखलं होतं की फक्त डोळे दिसत होते. रेघ ओलांडून तो सरळ पुढं जात राहिला, कारण एवढ्या जड सायकलीला थांबवण्याचं बळ हातात उरलं नव्हतं. कोंडाजीनं धावत जाऊन हँडल धरलं.

“टायमात?” हौशीरामनं विचारलं.

“चार मिंटं हायेत आजून,” कोंडाजी म्हणाला.

तेवढ्यात कसबा संघाचे व्यवस्थापक टेबलापाशी आले. “हरकत आहे,” ते म्हणाले. “हा गडी निघाला दुसऱ्या सायकलवर. ही त्याला मिळाली कुठे? आणि मधला रस्ता तो ट्रकमध्ये बसून आला नाही कशावरून?”

पंचांनी विचारलं, “साक्षीदार आहे कुणी?”

“आहे,” माधवराव पुढं झाले. कोटाला ग्रीस लागलेलं, एका बाहीला ओरखडा. “माधव गोळे. लोणावळ्याच्या वेशीवर दहा वाजून वीस मिनिटांनी सायकल बदलली, माझ्यासमोर. तेव्हा दाबलेलं हे घड्याळ अजून चालू आहे, पाहून घ्या. देहूरोडला त्याला आम्ही गाडीतून चालवताना पाहिलं. मीच नव्हे, आख्ख्या डब्यानं.”

“तुम्ही परळचे का?”

“मी कसब्याचा,” माधवराव म्हणाले. “वीस वर्षं.”

व्यवस्थापक त्यांच्याकडे बघतच राहिले. माधवरावांचे कान लाल झाले होते, पण ते हलले नाहीत. पंचांनी घड्याळ पाहिलं, साक्षीदाराचं नाव नीट लिहून घेतलं आणि मान डोलावली. मंडपाकडून परळच्या मंडळींचा लोंढा आला. हौशीरामला कुणी खांद्यावर घेतलं, कुणी पाणी ओतलं. त्या गर्दीतून हिरव्या बनियनमधला मोघे वाट काढत आला. एका हातानं त्यानं काळी सायकल उचलून पाहिली, उचलली गेली नाही, म्हणून दोन्ही हातांनी उचलली. “बाप रे,” एवढंच तो म्हणाला आणि हौशीरामच्या पाठीवर थाप मारून गेला.

ढाल मिळाली. फोटो निघाले. माधवराव रात्रीपुरते भावाकडे राहणार होते. “आज मला घरात घेतात का बघतो,” म्हणत, पण शीळ घालत, ते निघून गेले.

कोंडाजी सायकल घेऊन लिंबाच्या झाडाखाली उभा होता तिथं हौशीराम स्वतः आला. तोंड धुतलेलं, गळ्यात झेंडूचा हार. दोघं खाली बसले. खिशातला उरलेला पेरू हौशीरामनं दाताखाली फोडून निम्मा त्याला दिला.

“लय जड हाय तुमची सायकल, भाऊ.”

“हाय खरी.”

“पन सरळ जाती. इकडं तिकडं करत न्हाई.” थोडा वेळ तो पेरू चावत राहिला. मग जरा संकोचून म्हणाला, “तुमी खंडाळ्यात हुता का? वळणावर?”

“हुतो की. सा वरसं असतो.”

“म्या पयला आलतो तितं.”

“पायलं न्हवं मी!”

“मला काय दिसत न्हवतं,” हौशीराम म्हणाला. “डोळ्यांवर घाम. कानात नुसता आवाज. कसं दिसत हुतं, सांगा की. लोक काय म्हनले?”

कोंडाजीनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं सांगायला घेतलं. मोटारसायकल कशी आली, पंच ‘एकच, लाल’ म्हणून कसा ओरडला, मास्तरांना कसा कुडाळकर वाटला. सतरा नंबर दिसताच सव्वाशे माणसं कशी मुकी झाली. आपली भाकरी कुठं गेली कळलं नाही आणि एका टांगेवाल्याला कशी मिठी मारली. मागचे पाच जण यायला एक मिनिट पन्नास सेकंद लागले. हौशीराम मान खाली घालून ऐकत होता. टांगेवाल्यापाशी तो हसला. एक मिनिट पन्नास सेकंद हे त्यानं कोंडाजीकडून दोनदा वदवून घेतलं.

“एक मिंट पन्नास,” तो स्वतःशी म्हणाला. “मला वाटलं हुतं, मागंच हायेत.”

परळची मंडळी त्याला हाका मारत होती. उठताना त्यानं गळ्यातला हार काढून सायकलीच्या हँडलला अडकवला आणि निघाला.

कोंडाजी दुपारच्या गाडीनं परतला, सायकल गार्डाच्या डब्यात. लोणावळ्याला उतरून शालूबाईकडून मडगार्ड, दिवा, कॅरियर घेतलं, सगळं हँडलला बांधून चाळीत आला तेव्हा ऊन कलत होतं. निरोप पोचला होता. कोंडाजीची बायको सरूबाई दारातच उभी होती, आणि तिच्यामागे निम्मी चाळ.

“सायकलीची काय दशा केलीया!” सरूबाई म्हणाली. मग तिचं लक्ष हाराकडे गेलं. “हे काय? तुमी पळिवली व्हय शर्यत?”

“बस, सांगतो,” कोंडाजी म्हणाला.

पायरीवर बसून त्यानं सगळं सांगितलं. वळण, कांद्याचा ट्रक, वाकडं चाक, कलम नऊ, भाजीवाल्या बायका, वकिलाची टोपी. माधवराव “मी कसब्याचा” म्हणाले तिथं रेल्वेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. सरूबाई पदर तोंडाला लावून ऐकत होती. हौशीरामनं पेरू अर्धा करून दिला हे ऐकून ती म्हणाली, “भला मानूस गं बाई.” आणि मग सहज विचारलं,

“मग शर्यतीत पयला कोन आला?”

कोंडाजीनं तोंड उघडलं. मंडप आठवला, हार-तुरे आठवले, फोटो काढणारे आठवले. त्यानं डोकं खाजवलं.

“विचारायचंच ऱ्हायलं,” तो म्हणाला.

सरूबाईला हसू फुटलं, ते आवरेना, आणि तिच्यामागे सगळी चाळ हसत सुटली. कोंडाजीही हसला. त्या आवाजानं पलीकडच्या चाळीतली चार माणसं कामावरून येता येता थबकली, काय झालं म्हणून पायरीपाशी आली. त्यांना जागा करून देण्यासाठी कोंडाजी थोडा सरकला, आणि त्यानं पुन्हा घाटापासून सांगायला सुरुवात केली.